टूरिंग सायकलला टायर किती रुंद, चाक केवढं: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी तुळजापूर रोडला चहाला थांबलं की कोणीतरी माझ्या टायरकडे बघून विचारतंच, दादा हे केवढं आहे, आणि मग पुढचा अर्धा तास त्यातच जातो. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. इथं मी लांबच्या टूरचंच बोलतोय, म्हणजे कॅरियरवर बॅगा बांधून दोन दिवस, चार दिवस, पंधरा दिवस फिरायचं. रेसिंगवाल्यांनी उगीच भांडायला येऊ नये.

मला जास्त वाचायचं नाही, सरळ सांगा कुठलं घेऊ?

उंची पाच फूट चारच्या वर असेल तर ७००सी चाक (हे चाकाच्या मापाचं नाव, खाली सांगतो) आणि ३८ किंवा ४० मिलिमीटर रुंदीचं टायर. उंची कमी असेल तर छोटं चाक बघा, खाली लिहिलंय. फ्रेममध्ये ४० बसतच नसेल तर जे मोठ्यात मोठं मडगार्डसकट बसतं ते. झालं. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण हवेचं तेवढं वाचा कारण निम्म्या लोकांची चूक तिथंच आहे.

टायरवर तीन-तीन आकडे लिहिलेत, त्यातला खरा कुठला?

टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६२२ असं काहीतरी उठवलेलं असतं, तो खरा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथं बसतं तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्येच. ह्याला ईटीआरटीओ नंबर म्हणतात. बाकी २८ इंच, २९ इंच, ७००सी ही सगळी टोपणनावं आहेत, गल्लीत एकाच पोराला बाळ्या, पिंट्या आणि बबलू म्हणतात तसं.

हे मी पैसे घालवून शिकलोय. आजोबांची काळी दांडीवाली सायकल नीट करायला काढली होती, तिच्या टायरवर २८ लिहिलेलं, मी कौतुकानं २८ इंची नवीन भारीतलं टायर मागवलं आणि दुपारभर दोन पाने घालून ओढत बसलो, ते काही चढेना. चढणार कसं? आपल्या जुन्या काळ्या सायकलचं २८ × १½ म्हणजे ६३५, आणि मी मागवलेलं २८ म्हणजे ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. शेवटी आजोबांचा जुना मेकॅनिक आला, बघितलं आणि नुसतं हसला.

मग २६, २७.५, २९, ७००सी ह्यात फरक काय?

आता खरे आकडे लावून बघा म्हणजे कळेल. ७००सी म्हणजे ६२२. एमटीबीचं, म्हणजे डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकलचं, २९ पण ६२२च, हो, एकच रिम, फक्त वर जाड टायर घातलं की बाहेरून मोजल्यावर २९ इंच भरतं म्हणून ते नाव. २७.५ म्हणजे ५८४, ह्यालाच ६५०बी म्हणतात. जुन्या एमटीबीचं २६ म्हणजे ५५९. पण २६ × १⅜ लिहिलेलं असेल तर ते ५९०, आणि २६ × १½ असेल तर ५८४. म्हणजे "सव्वीसचं द्या" म्हटलं की दुकानदार तीन वेगवेगळी टायरं देऊ शकतो आणि तिन्ही वेळा तो बरोबरच असतो. म्हणून दुकानात जाताना टायरचा फोटो काढून न्यायचा, तोही ईटीआरटीओ नंबर दिसेल असा.

पण बारीक टायर जास्त पळतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं उत्तर दोन ओळीत देता येत नाही, तर ऐका.

गुळगुळीत रस्ता, सामान नाही, अंगाला घट्ट कपडे, स्पीड तीस-पस्तीस, अशा वेळी बारीक टायरचा फायदा असतो, वाऱ्याला अडथळा कमी होतो आणि वजनही कमी. पण तुम्ही कॅरियरला दोन्ही बाजूला बॅगा टांगल्यात, वर चादरीची वळकटी बांधलीय आणि अठराच्या स्पीडनं चाललाय, तिथं टायर दहा मिलिमीटर बारीक केल्यानं वाऱ्याला काय कळणार आहे? तिथं खरी ताकद खाते ती वेगळीच गोष्ट. टायर जमिनीला टेकतं तिथं ते दबतं, परत मोकळं होतं, आणि ह्या दबण्या-सुटण्यात रबर थोडी थोडी शक्ती खात असतं. हवा सारखी असेल तर रुंद टायर आडवं पसरतं पण लांबीला कमी दबतं, म्हणून उलट तेच हलकं चालतं. रुंद टायरमध्ये आपण हवा कमी ठेवतो म्हणून हा फायदा थोडा कमी होतो, मान्य, पण मग दुसरा फायदा सुरू होतो.

रस्ता खडबडीत असेल तर कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल वर उडवतं. सायकल तुमच्यासकट आणि सामानासकट वर उचलायला जी ताकद लागते ती तुमच्याच पायातून जाते आणि तो धक्का तुमच्या मनगटात, खांद्यात, ढुंगणात जिरतो. रुंद आणि जरा मऊ टायर तोच खडा आपल्या पोटात घेतं आणि सायकल सरळ पुढे जाते. रेसवाले लोक सुद्धा पूर्वी २३ वापरायचे ते आता २८-३० वर आलेत, त्यांना काय हौस आहे का?

मी स्वतः पहिली मंगळवेढ्याची ट्रिप २५ च्या टायरवर केली होती, मागे चौदा किलो सामान. एकाच दिवसात दोन पंक्चर, दोन्ही वेळा ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. काटा नव्हताच, खड्ड्याच्या कडेवर टायर पूर्ण दबून रिमनं ट्यूबला चावा घेतलेला. पुढच्या महिन्यात ३८ घातलं तेव्हा मित्र म्हणाला, "काय बे, ट्रॅक्टरचं टायर लावलास का?" त्याच मित्रानं नंतर ४० घातलं, हे तो आता कुणाला सांगत नाही.

आपल्याकडच्या रस्त्यांना कुठली रुंदी लागते?

पुणे-हैदराबाद हायवे म्हणजे एनएच ६५, किंवा विजापूरकडे जाणारा एनएच ५२, नुसतं ह्याच्यावरच फिरणार असाल तर ३२ सुद्धा पुरतं. डांबर चांगलं आहे, साईडला पट्टा आहे. पण त्या पट्ट्यावरच सगळा कचरा येऊन पडतो: काचा, खडी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक स्टीलच्या तारा. केसाएवढी तार टायरमध्ये घुसते आणि हवा अशी हळूहळू जाते की दुपारपर्यंत पत्ताच लागत नाही. ह्याला रुंदीपेक्षा टायरच्या आतला पट्टा उपयोगी, ते पुढं सांगतो.

तुळजापूर, अक्कलकोट, नळदुर्ग, पंढरपूर असं एका दिवसाचं जाऊन-येऊन किंवा एक मुक्काम, तर ३५ ते ४०. गाव आलं की स्पीडब्रेकरची माळ असते, पॅचवर्क असतं, मधेच कामं चालू असतात आणि रस्ता खणून ठेवलेला असतो. ऊसाच्या सीझनला तर अख्ख्या ट्रॉल्या समोरून येतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, तेव्हा रस्ता सोडून मुरुमाच्या साईडपट्टीवर उतरायलाच लागतं आणि डांबराची कड कधी कधी चार बोटं उंच असते. २८ च्या टायरवर ती कड उतरणं ठीक, परत चढणं म्हणजे पडायचं लक्षण. ४० ला काही वाटत नाही.

नान्नजच्या माळरानाकडचे कच्चे रस्ते, वाड्या-वस्त्यांचे रस्ते, कॅनॉलच्या कडेकडेनं, असलं आवडत असेल तर ४५ ते ५० घ्या आणि ६५०बी चा विचार करा.

आणि काळी माती. ह्याला कुठलीच रुंदी नाही हो. पावसात काळ्या रानातून वाट काढायला गेलो होतो, पन्नास पावलात चाक जाम, मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखलाचा लाडू. काडीनं काढायचं, परत दहा पावलं, परत काढायचं. बांधावरचे आजोबा म्हणाले, "आरं बाळा, पावसात ह्या रानात आमी बैलगाडी बी घालत न्हाई." वळून डांबरी रस्त्याला लागलो, तीन किलोमीटरला दोन तास गेले होते.

हवा किती भरायची?

टायरवर कमाल आकडा लिहिलेला असतो, लोक तोच भरतात. तो कमाल आहे, त्याच्यावर जाऊ नका एवढाच त्याचा अर्थ, तेवढीच भरा असा नाही.

माझं सांगतो, मी ७२ किलो, सायकल १४, सामान १४, म्हणजे सगळं मिळून शंभर. ४० च्या टायरला मागं ५०-५२ पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते माप) आणि पुढं ४०-४२. मागच्या चाकावर वजन जास्त असतं म्हणून मागं जास्त. ३२ चं टायर असताना ह्याच वजनाला मागं ७० च्या आसपास ठेवायचो. तुम्ही हलके असाल तर कमी, जड असाल किंवा स्टोव्ह-तंबू सगळं घेतलं असेल तर पाच-सात वाढवा. एक जुनी पद्धत अशी की सामानासकट बसल्यावर टायरची उंची साधारण पंधरा टक्के दबली पाहिजे, कोणालातरी बाजूनं बघायला लावा. दबतच नसेल तर हवा जास्त, वळताना टायर लोळतंय असं वाटलं तर कमी. फारच कमी ठेवली तर टायरची भिंत रिमवर घासून कट होते, म्हणून मऊ म्हणजे अगदी पिचपिचीत नाही.

सोलापूरच्या उन्हात टायर फुटतं का?

नुसत्या उन्हानं चांगलं टायर फुटत नाही. गणित करा: सकाळी पंचवीस डिग्रीला ६० पीएसआय भरली आणि दुपारी टायर पंचेचाळीस डिग्रीला गेलं तर हवा साधारण ६५ होते. पाचनं काय होतंय? फुटतं ते आधीच बाजूनं चिरलेलं टायर, किंवा नीट न बसलेलं, किंवा ज्यात कोणीतरी कमाल आकड्याच्याही वर हवा ठोकलेली असते. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर सायकलला वापरताना हे लक्षात ठेवा, तो मोटारीसाठी आहे, बारीक टायर दोन सेकंदात भरतं. घाट उतरताना रिमवर पकडणारा ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम चांगलीच तापते, त्याचं मात्र खरंच जपा. तुळजापूरच्या घाटात पुढचा-मागचा आलटून पालटून मारायचा, मधे सोडायचा.

माझ्या फ्रेममध्ये ४० बसेल का?

सोपी ट्रिक: ५ किंवा ६ नंबरची ॲलन की घ्या, आत्ताच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी, वरून, पुढच्या फोर्कमध्ये आणि मागं बीबीजवळच्या (पेडलचा आस जिथं बसतो तिथल्या) दोन दांड्यांच्या मधे फिरवून बघा. ४० घातल्यावर सुद्धा सगळीकडून ती की जायला पाहिजे. मडगार्ड लावणार असाल तर त्याच्यासाठी अजून जागा. बहुतेक वेळा अडतं ते मागं खालच्या दांड्यांतच, किंवा वरती ब्रेकच्या कमानीत. कॅलिपर ब्रेकवाल्या रोड बाईकला २८ च्या पुढं सहसा जातच नाही, व्ही-ब्रेक किंवा डिस्क असेल तर तिथं मोकळीक असते.

आणि हो, टायरवर ४० लिहिलंय म्हणून ते ४०च भरेल असं नाही. रिम रुंद असली की ४२ होतं, अरुंद असली की ३८. आणि चाक जरा आऊट म्हणजे वाकडं झालं, एखादी तार (स्पोक) तुटली, तर ते डुलतं आणि जागा नसेल तर फ्रेमला घासतं. घरापासून दीडशे किलोमीटरवर फ्रेम घासणारं चाक म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत.

रिम किती रुंद पाहिजे?

आतून मोजून १९ ते २३ मिलिमीटर असेल तर ३५ ते ४५ चं टायर छान बसतं. जुन्या रोड बाईकच्या १३-१५ च्या रिमवर ४० चढवलं तर चढेल, पण वळणावर हलतं.

माझ्या मुलीची उंची पाच फूट एक आहे, तिला पण ७००सी च घेऊ का?

नका घेऊ, किंवा घेण्याआधी एकदा बसवून बघा. छोट्या फ्रेमला मोठं चाक लावलं की वळताना पायाचा पंजा पुढच्या टायरला, मडगार्ड असेल तर मडगार्डला लागतो. कंपन्या हे टाळायला हँडलचा कोन बदलतात आणि मग सायकल चालवायला विचित्र लागते. ६५०बी किंवा २६ चं चाक असेल तर हे सगळं सरळ होतं, फ्रेम तिच्या मापाची राहते, आणि छोटं चाक त्याच तारांमध्ये जास्त मजबूत पण असतं.

अजून एक फायदा कोणी सांगत नाही. चाक छोटं म्हणजे गिअर आपोआप हलका. ७००सी वर ३८ चं टायर एका फेऱ्यात साधारण २१८० मिलिमीटर जातं, २६ वर दोन इंची टायर साधारण २०५५. जवळपास सहा टक्के हलका गिअर, फुकटात. घाटात सामान घेऊन चढताना सहा टक्के म्हणजे उतरून ढकलायचं की नाही एवढा फरक पडतो.

"छोटं चाक हळू जातं" हे डोक्यातून काढा. स्पीड गिअरवर आणि पायावर आहे. मोठं चाक खड्ड्यात कमी शिरतं हे खरं, पण छोट्या चाकाला रुंद टायर घातलं की तो फरक बराचसा भरून निघतो.

एकाच सायकलला दोन्ही साईजची चाकं लावता येतात का?

डिस्क ब्रेक असेल तर बऱ्याच फ्रेममध्ये येतात, ७००सी वर ४० काढून ६५०बी वर ४८-५० घातलं की बाहेरचा घेर थोडासाच कमी होतो. रिम ब्रेक असेल तर विसरा, ब्रेकची गादी रिमला पोचणारच नाही.

काट्यांचं काय करायचं?

इकडं दोनच शत्रू, वेडी बाभूळ आणि सराटे. बाभळीचा काटा लांब आणि सरळ असतो, तो कुठल्याही टायरला भोक पाडू शकतो. सराटा मात्र गुच्छ्यानं येतो, रस्त्याच्या कडेला सायकल टेकवली की चार-पाच चिकटतात. पहिला नियम, कडेच्या गवतात सायकल ढकलत न्यायची नाही, उचलायची. लघवीला थांबून पंक्चर होणारे किती लोक मी बघितलेत.

टायर घेताना आतमध्ये संरक्षक पट्टा असलेलं टूरिंगचं टायर घ्या. श्वाल्बे कंपनीचं मॅरेथॉन प्लस घेतलं तर त्यात पाच मिलिमीटरचा रबरी थर असतो, सराटे तिथपर्यंतच राहतात. पण ते जड आहे, चालवताना थोडं मेलेलं वाटतं, आणि रिमवर चढवताना अंगठ्याची कातडी जाते. ज्याला हायवेवरच फिरायचंय आणि पंक्चर काढायचा कंटाळा आहे त्यानं ते घ्यावं. मी पातळ पट्ट्याचं वापरतो, महिन्या-दोन महिन्यातून एखादं पंक्चर काढायला लागतं, चालतं मला.

ट्यूबलेस करू का?

काट्यांसाठी एकदम भारी, बारीक भोकं आपोआप बंद होतात. पण आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं दुधासारखं पातळ, आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्याला बघायला लागतं. मोठी चीर पडली तर शेवटी ट्यूबच घालायची, आणि त्या चिकट दुधात हात घालून. वीकेंडवाल्यांनी करावं, महिनाभराच्या टूरवाल्यांनी विचार करून.

मोहोळ, बार्शी, अक्कलकोटमध्ये काही बिघडलं तर टायर-ट्यूब मिळेल का?

काळ्या सायकलची आणि २६ ची ट्यूब जवळपास कुठंही मिळते. ७००सी ची ट्यूब मोठ्या गावात मिळू शकते पण भरवसा ठेवू नका, ६५०बी तर नाहीच धरायची. अडचणीच्या वेळी २६ ची ट्यूब ताणून २७.५ मध्ये आणि २७.५ ची २९ मध्ये घालता येते, घरापर्यंत पोचवते.

म्हणून मी दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, आणि जुन्या टायरचा कापलेला हातभर तुकडा नेतो. तो तुकडा म्हणजे गेटर, टायर चिरलं की आतून लावायचा. लांबच्या टूरला घडी होणारं एक टायरपण. आणि व्हॉल्व्ह बघून घ्या: बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॅप्टर खिशात ठेवा, नाहीतर पंपावरचा माणूस तो व्हॉल्व्ह बघून तुमच्याकडेच बघत बसतो.

पुढं बारीक आणि मागं जाड चालेल का?

चालतं. फक्त उलटं करू नका आणि पुढचं टायर कधीही झिजलेलं ठेवू नका. मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की तोंडावर.

टायर बदलल्यावर किलोमीटर कमी दिसायला लागले, असं का?

मीटरमध्ये घेर जुनाच आहे म्हणून. २५ चा २१०५, ४० चा साधारण २२००. शंभर किलोमीटर मारले तर मीटर शहाण्णव दाखवतो. घेर बदला, नाहीतर मित्रांसमोर चार किलोमीटर फुकट जातात.

चाकाला तारा किती पाहिजेत?

सामान घेऊन जायचं तर मागं ३६, पुढं ३२ चालतात. २४ किंवा २० तारांच्या दिखाऊ चाकावर कॅरियर लावू नका. एक तुटली की चाक लगेच आऊट होतं, ३६ मधली एक तुटली तर गावापर्यंत आरामात जाता येतं.

एक जुनी परदेशी टूरिंग सायकल स्वस्तात मिळतीय, तिच्यावर २७ × १¼ लिहिलंय. २७.५ चं टायर बसेल ना त्याला?

नाही बसणार. ते २७ म्हणजे ६३०, म्हणजे तुमच्या २७.५ पेक्षा मोठं, आणि गंमत म्हणजे २९ पेक्षापण मोठं. टायर मिळायला अवघड आणि मिळालं तर एक-दोनच प्रकारचं. फ्रेम खरंच चांगली असेल तर ७००सी ची चाकं घालून घ्या, रिम चार मिलिमीटर आत जाते, ब्रेकची गादी तेवढी खाली सरकते का हे आधी पट्टी लावून मोजा. सरकत असेल तर घेऊन टाका, नसेल तर मालकाला नमस्कार करून परत या.